मशीन तीन वर्षांचं आहे, पण बसवलंय कसं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर घ्यायचं ठरलंय, विकणाऱ्याने तीनच वर्षांपूर्वी नवीन सिस्टिम बसवलीय, म्हणजे गॅस फर्नेस (गॅस जाळून घर गरम करणारं मशीन), तिच्यावर एसीची कॉइल, घरभर डक्ट (हवा नेणारे पाइप) आणि वरच्या एका खोलीत वेगळा स्प्लिट. इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये "हीटिंग चालू, कूलिंग चालू" असं लिहिलंय आणि त्याच्याच खाली शेऱ्यांची रांग: फ्लेक्स डक्ट दबलेला, जॉइंट सुटलेला, फर्नेसच्या धुराच्या पाइपला उलटा ढाळ, ड्रेनला ट्रॅप नाही, ब्रेकर नेमप्लेटपेक्षा मोठा, स्प्लिटच्या जॉइंटवर तेल. विकणारा म्हणतो मशीन नवंच आहे, माझा माणूस येऊन एसीतला गॅस (थंड करणारा रेफ्रिजरंट) टॉप-अप करून देईल. तर घाबरायचं का, की सगळी सिस्टिम बदलून मागायची?

मी याच कामात आहे, आणि हल्ली नवीन बसवण्यापेक्षा दुसऱ्यांनी बसवलेलं तपासणं आणि सरळ करणंच जास्त असतं. सरळ उत्तर आधी देतो. सिस्टिम बदलून मागू नका, मशीन बहुतेक चांगलंच असेल. पण टॉप-अपवरसुद्धा मिटवू नका, कारण या यादीतला एकही दोष गॅस भरून जाणारा नाही. हे सगळे बसवतानाचे दोष आहेत आणि ते दुरुस्त होतात, फक्त ते योग्य क्रमाने आणि मोजून करून घ्यायला लागतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने २०१४ मध्ये हीट पंप (गरम-थंड दोन्ही करणारं एसीसारखं मशीन) बसवतानाच्या चुकांवर अभ्यास केला होता, त्यात निष्कर्ष असा होता की चुकीच्या इन्स्टॉलेशनमुळे घर गरम-थंड करायला लागणारी ऊर्जा सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, आणि जास्त नुकसान करणाऱ्या चुका म्हणजे गळके डक्ट, कमी गॅस, जास्त गॅस, कमी हवा आणि गरजेपेक्षा मोठं मशीन. म्हणजे मशीनवर कितीही स्टार असोत, बसवणाऱ्याने ते स्टार पहिल्याच दिवशी काढून घेतलेले असू शकतात.

आता रिपोर्टमधल्या त्या "चालू" शब्दाबद्दल. इन्स्पेक्टर डोळ्यांनी दिसेल तेवढं बघतो, थर्मोस्टॅट खाली-वर करतो, ग्रिलमधून गार किंवा गरम हवा येते का ते पाहतो आणि लिहितो. तो एसीच्या गॅसच्या लाइनला गेज लावत नाही (आणि ते बरोबरच आहे, दर वेळी होज लावला-काढला की थोडा गॅस जातोच), भिंत उघडत नाही, फर्नेसचा हीट एक्स्चेंजर (ज्या पत्र्याच्या आत ज्वाला आणि बाहेरून घरातली हवा जाते तो भाग) सोडवून बघत नाही, मशीनची साइझ घराला बरोबर आहे का याचा हिशोबही सहसा करत नाही. त्यामुळे "चालू" म्हणजे त्या दिवशी सुरू झालं, एवढंच. आणि खाली जे "पात्र टेक्निशियनकडून पुढील तपासणी करावी" असं छापलेलं असतं ते लोक उपचार समजून सोडून देतात, पण खरी तपासणी तिथूनच सुरू होते.

पहिला नंबर धुराच्या पाइपचा, कारण बाकी सगळ्यात पैसे जातात आणि इथे जीव जाऊ शकतो. गॅस जळल्यावर जो धूर होतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला रंग नाही वास नाही, झोपेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. साध्या धातूच्या फ्लूला, म्हणजे या धुराच्या पाइपला, फर्नेसपासून बाहेरच्या दिशेने सतत चढ पाहिजे, दर फुटाला साधारण पाव इंच, आणि प्रत्येक जॉइंटला स्क्रू. तुमच्या रिपोर्टच्या फोटोत मधला तुकडा खाली झुकलेला दिसतोय आणि जॉइंटवर पांढरट-तांबूस ओघळ आहेत, ते ओघळ म्हणजे धुरातली वाफ आत थंड होऊन आम्लधर्मी पाणी बनून परत येतेय, ते पाणी पत्रा खातं आणि एक दिवस तिथे भोक पडतं. (नव्वद टक्क्यांच्या वरच्या कार्यक्षमतेच्या कंडेन्सिंग फर्नेसला प्लास्टिकचा पाइप असतो आणि त्याचा ढाळ मुद्दाम फर्नेसकडे ठेवतात, पाणी परत येऊन ड्रेनला जावं म्हणून, त्यामुळे आधी फर्नेस कुठल्या जातीची आहे ते बघा, नाहीतर उगाच बरोबर कामाला चूक म्हटलं जाईल.)

त्याच फ्लूला पाणी तापवायचा गॅस हीटर जोडलेला असेल तर एक चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. घराची दारंखिडक्या बंद, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट चालू, फर्नेसचा ब्लोअर चालू, मग हीटर पेटवायचा, पाचेक मिनिटं थांबायचं आणि हीटरच्या वर जिथे फ्लू सुरू होतो त्या टोपीजवळ टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरायची. पट्टी आत ओढली गेली तर ठीक. बाहेर फडफडली तर धूर घरात येतोय, आणि मग त्या क्षणी गॅस बंद करायचा, बाकी चर्चा नंतर. हे बऱ्याचदा होतं ते फर्नेसच्या खोलीतला रिटर्न डक्ट (घरातली हवा मशीनकडे परत आणणारा) गळका असल्यामुळे, ब्लोअर खोलीतलीच हवा ओढतो आणि खोलीत इतका कमी दाब तयार होतो की चिमणीतून धूर उलटा येतो. म्हणजे दोष डक्टचा आणि धोका धुराचा. एकेक शेरा सुटा सुटा वाचून चालत नाही तो यामुळे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावून टाका, विकणाऱ्याशी काहीही ठरो.

ब्रेकरचा शेरा किरकोळ वाटतो पण तोही याच गटातला. आउटडोअर युनिटच्या नेमप्लेटवर कमीत कमी वायर आणि जास्तीत जास्त ब्रेकर किती ते दोन्ही छापलेलं असतं. मोठा ब्रेकर टाकतात तो कारण शोधायच्या ऐवजी, सारखा ट्रिप होतोय ना मग वाढवून टाक. त्याने ट्रिप व्हायचं थांबतं आणि वायर तापायला लागते. नेमप्लेटप्रमाणे ब्रेकर बदलायचा, युनिटजवळ नजरेच्या टप्प्यात आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच), अर्थिंग मोजून बघायचं, आणि बदलल्यावर पुन्हा ट्रिप झाला तर का झाला ते शोधायचं. बाकी यात सांगण्यासारखं फार नाही.

डक्टबद्दल मात्र जरा बसून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात आणि छताच्या वर पोटमाळ्यात असल्यामुळे कोणी बघत नाही. रिपोर्टच्या फोटोत बघा, छतावरचा फ्लेक्स डक्ट एका तुळईवरून नेलाय आणि अरुंद प्लास्टिकच्या पट्टीने आवळून टांगलाय, पट्टीच्या जागी त्याची कंबर निम्मी झालीय, पुढे पोट सुटल्यासारखा दोन तुळयांच्या मध्ये लोंबतोय, आणि शेवटी ग्रिलच्या डब्याला जिथे जोडायचा तिथे टेप सुटून चार बोटांची फट पडलीय. म्हणजे त्या खोलीची गार हवा पोटमाळ्यात जातेय. आणि खोली गार होत नाही म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट आणखी खाली केला असणार, मग बाकीचं घर गारठणार. फ्लेक्स डक्ट ताणून सरळ न्यायचा असतो, जास्तीचा तुकडा कापून टाकायचा असतो, दर चार-पाच फुटांवर रुंद पट्टीचा आधार आणि दोन आधारांमधला झोळ फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. बसवणारा घाईत असला की पूर्ण रोल तसाच आत ढकलतो, कापायचे कष्ट वाचतात.

टेपचं सांगतो. तो करड्या रंगाचा कापडी डक्ट टेप डक्टसाठी बिनकामाचा आहे, नाव काहीही असू दे. लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीत १९९८ मध्ये वेगवेगळ्या सीलंटच्या चाचण्या झाल्या होत्या, गरम-थंड हवेचे फेरे देऊन, त्यात हा कापडी टेपच सगळ्यात वाईट ठरला, गोंद सुकून तो सुटून येतो. जॉइंटला आधी क्लॅम्प किंवा स्क्रू, मग ब्रशने लावायचं मॅस्टिक (लेपासारखं घट्ट सीलंट), किंवा या कामासाठी प्रमाणित केलेला फॉइल टेप. एनर्जी स्टार या अमेरिकी सरकारी कार्यक्रमाचा अंदाज असा आहे की साधारण घरात डक्टमधल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोकं आणि सुटलेल्या जोडांतून वाया जाते. मॅस्टिकचा डबा, ब्रश आणि छतावर घालवलेला एक दिवस यात जेवढा फरक पडतो तेवढा नवीन मशीनने पडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आणि हे नुसतं डोळ्यांनी ठरवायचं नाही. हवेचं प्रमाण साधारण एका टनाला मिनिटाला ४०० घनफूट असतं, दमट हवेत थोडं कमी ठेवतात, म्हणजे तीन टनाच्या मशीनला १२०० च्या आसपास. ते मिळतंय का हे कळायला फर्नेसच्या आधी आणि फर्नेसच्या नंतर, पण कॉइलच्या आधी, दोन छोटी भोकं पाडून मॅनोमीटरने (दाब मोजायचं यंत्र) स्टॅटिक प्रेशर, म्हणजे ब्लोअरला ज्या दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते तो, मोजतात. बहुतेक ब्लोअर अर्धा इंच वॉटर कॉलमला, म्हणजे १२५ पास्कलला रेट केलेले असतात, आणि प्रत्यक्षात दबलेल्या डक्टवर ०.८, ०.९ इंच सापडतं. त्या आकड्याला ब्लोअर किंचाळतो, कॉइलवर बर्फ धरतो, आणि हिवाळ्यात फर्नेसमधून जाणारी हवा कमी पडल्यामुळे हीट एक्स्चेंजर गरजेपेक्षा तापतो, लिमिट स्विच (जास्त तापल्यावर बर्नर बंद करणारा) सारखा बंद-चालू करतो, आणि वर्षानुवर्षं असं तापून निवून शेवटी पत्र्याला तडा जातो. फर्नेसच्या नेमप्लेटवर तापमान किती वाढायला पाहिजे याची रेंज छापलेली असते. रिटर्नमध्ये एक थर्मामीटर, सप्लायमध्ये (मशीनमधून निघणाऱ्या हवेत) एक, दोन्हींतला फरक त्या रेंजमध्ये बसला पाहिजे. हे मोजायला पंधरा मिनिटं लागतात आणि तरी जवळपास कोणी मोजत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ड्रेनला ट्रॅप नाही हा शेरा लोकांना कळतच नाही. ट्रॅप म्हणजे ड्रेन पाइपला दिलेला यू आकाराचा बाक, त्यात पाणी साठून हवा अडते. कॉइल जर ब्लोअरच्या ओढीच्या बाजूला असेल तर ट्रेमध्ये कमी दाब असतो, ड्रेन पाइपमधून हवा आत ओढली जाते आणि पाणी ट्रेमध्येच अडून राहतं, ब्लोअर थांबला की एकदम वाहतं. दिवसभर मशीन चाललं की ट्रे भरून छतावर ओघळ. तुमच्या फर्नेसमध्ये कॉइल ब्लोअरच्या पुढे, म्हणजे ढकलायच्या बाजूला आहे, तिथे पाणी अडणार नाही पण ड्रेनमधून गार हवा फुकट बाहेर जात राहील. दोन्ही ठिकाणी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅपचं माप दिलेलं असतं, तो लावायचाच. ड्रेनला मीटरमागे एक सेंटीमीटर तरी ढाळ, कॉइल छतावर असेल तर खाली दुसरा ट्रे आणि पाणी चढलं की मशीन बंद करणारा फ्लोट स्विच. तपासायची पद्धत अगदी साधी, ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या टोकाला ते सगळं येतं का बघा. स्प्लिटलाही हेच करा, भिंतीत पुरलेल्या ड्रेनला मध्ये चढ असला की पहिल्या पावसाळी दमट आठवड्यात भिंत ओली दिसायला लागते.

आता तो गॅस. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद सर्किटमध्ये फिरतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, आणि कुठून गेला ते तुमच्या फोटोत दिसतंय, फ्लेअर (फुलवलेल्या तोंडाच्या तांब्याच्या पाइपचा जॉइंट) आवळणाऱ्या नटखाली तेलाचा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल थोडं थोडं बाहेर येतं, म्हणून डाग. अशा ठिकाणी टॉप-अप म्हणजे मूळ दुखणं तसंच ठेवून वर मलमपट्टी, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच, तेव्हा विकणारा तिथे नसेल आणि घर तुमचं असेल.

फ्लेअर का गळतो ते सांगतो म्हणजे टेक्निशियनला काय विचारायचं ते कळेल. तांब्याचा पाइप कापल्यावर आतली धार काढायची असते, पाइपचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत पडत नाही. मग फ्लेअरिंग टूलने तोंड फुलवायचं, कडेला चीर नको, एका बाजूला जाड एका बाजूला पातळ नको, वर रेफ्रिजरेशन ऑइलचा थेंब, आणि नट टॉर्क रेंचनेच आवळायचा. पाव इंची पाइपला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन अष्टमांशला ३४ ते ४२, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये. हाताच्या अंदाजाने आवळणारे एकतर सैल ठेवतात किंवा इतका आवळतात की फ्लेअरच चेपतो, आणि आर-४१०ए किंवा आर-३२ या नव्या गॅसचं प्रेशर जुन्या आर-२२ च्या दीडपटीपेक्षा जास्त असतं, जुना अंदाज तिथे टिकत नाही.

जोडणी झाली की नायट्रोजनने प्रेशर टेस्ट आणि मग व्हॅक्यूम. बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन (व्हॅक्यूम मोजायचं एकक) असतो, तो पंपाने ५०० च्या खाली आणायचा, पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं बघायचं. आकडा चढतच राहिला तर गळती, थोडा चढून थांबला तर आत ओल. साध्या काट्याच्या गेजवर हे कळत नाही, काटा लवकरच तळाला टेकतो आणि माणूस समजतो झालं, त्यासाठी मायक्रॉन गेजच लागतो. आणि बरेच जण तर पंपच आणत नाहीत, मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर ढकलतात. आत राहिलेली ओल नवीन गॅसच्या तेलात मुरते, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या वाइंडिंगला खातं. हे पहिल्या वर्षी दिसत नाही, चौथ्या-पाचव्या वर्षी कंप्रेसर जातो आणि दोष कंपनीला दिला जातो. शिवाय आर-३२ हा मंद का होईना ज्वलनशील आहे, बंद जागेत तो असा सोडणं म्हणजे धोका पत्करणं.

म्हणून तुमच्या स्प्लिटचं योग्य काम असं: उरलेला गॅस बाहेर न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेणे, दोन्ही बाजूंचे फ्लेअर कापून नवे करणे, नायट्रोजन, व्हॅक्यूम, आणि मग नेमप्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढे वजनकाट्यावर मोजून भरणे, पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे तेही मॅन्युअलमध्ये असतं. इन्व्हर्टर मशीनमध्ये नुसतं प्रेशर बघून गॅस भरणारा माणूस असेल तर त्याला थांबवा, कंप्रेसरचा वेगच बदलत असतो, प्रेशर कशाशी ताडून बघणार. आणि दोन्ही तांब्याच्या पाइपना वेगवेगळं इन्सुलेशन आहे का बघा, उन्हात उघडं ठेवलेलं काळं फोम काही वर्षांत भुगा होतं.

आउटडोअर युनिटबद्दल रिपोर्टमध्ये काही नाही, तरी एक बघून घ्या. युनिट चालू असताना ते जिथून हवा आत घेतं तिथे थर्मामीटर धरा आणि दुसरा लांब मोकळ्या सावलीत. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतंय, म्हणजे भिंतीला चिकटून बसवलंय किंवा समोर आडोसा आहे. मोठ्या मशीनचा मुद्दा मात्र मी ताणणार नाही, कारण तो तुम्हाला आता बदलता येणार नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की पाच-सात मिनिटांत बंद होऊन परत सुरू होणारं मशीन खोली गार करतं पण हवेतली ओल काढत नाही, आणि तसं दिसलं तर पुढच्या वेळी साइझचा हिशोब खिडक्या, छत, इन्सुलेशन धरून करून घ्या, नुसत्या चौरस फुटांवर नाही.

आता कोणाकडून करून घ्यायचं. ज्याने बसवलं त्यालाच तपासायला पाठवू नका, आणि विकणाऱ्याच्या "माझा माणूस" लाही नको. तुमचा स्वतंत्र टेक्निशियन, तपासणीचे पैसे वेगळे, दुरुस्तीचा अंदाज वेगळा, म्हणजे त्याला दोष फुगवायची गरज राहत नाही. फोनवरच विचारा की मायक्रॉन गेज, मॅनोमीटर, धुरातले वायू मोजणारा कम्बश्चन अॅनालायझर आहे का. नसेल तर दुसरा बघा. त्याच्याकडून कागदावर आकडे घ्या: स्टॅटिक प्रेशर, फर्नेसचं तापमान किती वाढलं, कूलिंगला रिटर्न आणि सप्लायमधला फरक (साधारण ८ ते ११ अंश, खूप दमट असेल तर कमी), फ्लूच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, स्प्लिटला व्हॅक्यूमचा शेवटचा आकडा आणि भरलेल्या गॅसचं वजन. सोबत तारीख आणि फोटो.

विकणाऱ्याशी बोलताना यादीचे दोन भाग करा. फ्लू आणि ब्रेकर ताबा घ्यायच्या आधी झालेच पाहिजेत, त्यावर सूट घेऊन नंतर बघू असं करू नका, कारण मधल्या रात्री तुम्हीच त्या घरात झोपणार आहात. डक्ट, ड्रेन आणि स्प्लिट याची रक्कम किमतीतून कमी करून घेतली तर उलट बरं, काम तुमच्या देखरेखीखाली होईल, नाहीतर विकणारा स्वस्तातला माणूस आणून टेप मारून मोकळा होतो. आणि "वॉरंटी आहे ना" असं म्हणाला तर कार्ड आणि बसवल्याचं बिल दोन्ही मागा. कंपनीची वॉरंटी सहसा बनावटीच्या दोषाला असते, बसवण्याच्या चुकीला नाही, आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, त्याला मुदत किती, हे त्याच कार्डावर बारीक अक्षरात असतं, ते सही करायच्या आधी वाचून घ्या.